निसटलेला उजेड

गेवराईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला ईश्वरी रुजू झाली, तेव्हा पुण्यातल्या तिच्या मैत्रिणींनी तिच्या संशोधनावर मनातल्या मनात तुळशीपत्र ठेवून टाकलं होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण निरोप देताना जी ती "अधूनमधून येत जा गं" म्हणत होती, आणि त्यातला सूर सासरी निघालेल्या मुलीला लावतात तसा होता. फेलोशिपची मुदत संपली होती, प्रबंध अर्ध्यावर होता, आणि धान्याच्या मोंढ्याजवळ कापडाचं दुकान चालवणाऱ्या मल्लिकार्जुन अप्पांच्या या एकुलत्या एक लेकीला गावातच नोकरी चालून आली होती. तिनं ती घेतली. येताना तिनं कपड्यांची बॅग आणली आणि सीडींनी भरलेला एक डबा आणला.

डब्यात काय आहे, हे अप्पांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"लई लांबच्या दीर्घिकांचा उजेड हाय त्याच्यात," ईश्वरी म्हणाली. घरात पाऊल टाकलं की तिची बोली आपोआप घरची होई. "दीर्घिका म्हंजी आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा मेळा. या इतक्या लांब हायत, की त्यांचा उजेड निघाला तवा आपली पृथ्वीबी नव्हती. त्यांच्यात नवे तारे जन्मत राहतात. मोठा तारा जन्मला की त्यातून असा अतिनील उजेड निघतो, की वाटंत हायड्रोजनचा अणू आला तर त्याची फोडच करतो."

"मग त्याचं काय?"

"ताऱ्याच्या आजूबाजूला त्याच हायड्रोजनचे ढग असतात. उजेड त्याच्यातच खपतो. दीर्घिकेच्या बाहेर किती निसटतो, ते मोजायचं हाय."

"आन मोजून?"

"जग नवं हुतं तवा सगळीकडं हायड्रोजनचं धुकं पसरलं हुतं. आता ते न्हाई. कुणीतरी साफ केलं. हा उजेड पुरेसा निसटत असंल, तर ते काम या दीर्घिकांचं."

अप्पांनी जरा विचार केला. "म्हंजी आत माल किती तयार झाला आन बाहेर किती पडला, एवढंच ना? पण आतला तू कसा मोजणार?"

ईश्वरीला हसू आलं. पुण्यात तिच्या पहिल्या परिसंवादात हाच प्रश्न एका प्राध्यापकांनी बराच लांबवून विचारला होता. "दुसऱ्या रंगाचा उजेड ढगात अडकत न्हाई, अप्पा. त्याच्यावरून अंदाज बांधता येतो."

तिच्या आई नीलम्मा आतून म्हणाल्या, "जेवता का आता? का तेबी मोजून?"

दोन हजार साल उजाडलं होतं. गावात केबल आली होती, हमरस्त्यावर नवनव्या पाट्या लागत होत्या, आणि त्यातलीच एक पाटी साजिदच्या कॉम्प्युटर क्लासची होती. साजिदचे वडील नबीचाचा यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज तिथंच होतं. गॅरेजच्या बाजूच्या खोल्यांत साजिदनं पुढं एसटीडी बूथ आणि मागं क्लास थाटला होता. शाळेत तो ईश्वरीच्या मागच्या वर्गात होता आणि गणितात अडला की तिच्याकडं येई. तिला कॉम्प्युटर लागणार हे कळल्यावर तो स्वतःच अप्पांच्या दुकानात आला.

"ताई, सकाळी क्लास रिकामाच असतो. एक मशीन तुमचंच समजा. तुमाला ते लिनक्स लागतं म्हणं? टाकतो मी."

टाकताना त्यानं दोनदा सगळं पुसून घालवलं, तिसऱ्यांदा जमवलं, आणि त्या मशीनवर "हात लावू नये" अशी चिठ्ठी डकवली. तेव्हापासून ईश्वरी कॉलेजला जाण्याआधी तिथं बसू लागली. बाहेर ट्रकचे पत्रे ठोकले जात, आत ती दीर्घिकांचे वर्णपट उलगडत बसे. वीज गेली की इन्व्हर्टर कुरकुरत चालू होई, आणि साजिद ओरडून सांगे, "ताई, सेव्ह करा!"

हे काम तिच्या एकटीचं नव्हतं. चिलीतल्या एका मोठ्या दुर्बिणीनं आकाशाचे दोन तुकडे टिपले होते. एका तुकड्यातल्या दीर्घिका हॉलंडमधल्या प्राध्यापक व्हेलिंगांच्या गटाकडं होत्या, दुसऱ्यातल्या पुण्याला ईश्वरीच्या मार्गदर्शक आगाशे मॅडमकडं, म्हणजे ईश्वरीकडं. एकेका दीर्घिकेचा उजेड इतका क्षीण, की तो आकाशाच्या स्वतःच्या अंधुक उजेडात बुडून गेलेला. आकाश वजा करायचं आणि जे उरेल त्याची बेरीज मांडत जायची, असं ते किचकट काम होतं. वजाबाकीत केसाएवढी चूक झाली तरी नसलेला उजेड दिसतो, असलेला नाहीसा होतो.

ईश्वरीची बेरीज पुरी झाली तेव्हा उजेड दिसला. शंभरातले सुमारे आठ हिस्से बाहेर निसटत होते. तिनं साजिदच्या मोडेमवरून पुण्याला आणि हॉलंडला ईमेल धाडली आणि त्या दिवशी वर्गात ती इतक्या उत्साहानं शिकवत होती, की मुलं एकमेकांकडं बघू लागली.

हॉलंडहून उत्तर आलं ते कोरडं होतं. त्यांच्या तुकड्यात काहीही सापडलं नव्हतं. एकाच तऱ्हेच्या दीर्घिका एका ठिकाणी गळतात आणि दुसऱ्या ठिकाणी गळत नाहीत, असं होणं शक्य नव्हतं. दोघांपैकी कुणाचं तरी चुकत होतं. व्हेलिंगांनी फार सभ्य शब्दांत लिहिलं होतं, की पुण्याचा भाग सध्या बाजूला ठेवावा आणि "उजेड आढळला नाही" असा शोधनिबंध नियतकालिकाकडं पाठवून द्यावा. त्याआधी सगळ्यांनी मिळून एकदा फोनवर बोलू.

आगाशे मॅडमनी घरी फोन केला. "ईश्वरी, तू घाईत काम करणारी मुलगी नाहीस, हे मला माहीत आहे. पण ते मी त्यांना पुरावा म्हणून देऊ शकत नाही. तुझं काय चुकलं असेल ते शोध. किंवा त्यांचं."

ईश्वरीनं स्वतःचंच शोधायला घेतलं. आकाशाची वजाबाकी तिनं नव्यानं केली, वेगळ्या रीतीनं केली. दूरच्या दीर्घिकेच्या आड एखादी जवळची दीर्घिका येऊन फसवत नाही ना, हे एकेक चित्र मोठं करून पाहिलं. अशी एक संशयास्पद निघाली, ती काढून टाकली. तरी बेरीज हलेना. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. जी चूक सापडत नाही तिचा धाक मोठा असतो. पुण्यात असते तर शेजारच्या टेबलावर कुणीतरी असतं, विचारता आलं असतं, असं तिला पहिल्यांदा वाटलं. ती जेवायला बसे आणि भाकरी तशीच राही.

"कावून अशी सुकलीस गं?" नीलम्मांनी विचारलं. "कुणी काही बोललं का कॉलेजात?"

"न्हाई अव्वा. हॉलंडात बोललं."

नीलम्मांनी हॉलंडवाल्यांना दोन शिव्या हासडल्या आणि तिच्या ताटात आणखी तूप वाढलं.

फोनची बैठक दोन दिवसांवर आली असताना ईश्वरी पहिल्या वर्षाच्या वर्गावर प्रकाशाचं वक्रीभवन शिकवत होती. हा धडा तिला तोंडपाठ होता. फळ्यावर तिनं पृथ्वी काढली, भोवती हवेचा थर काढला, क्षितिजाजवळ एक तारा काढला. "तारा माथ्यावर असेल तर किरण सरळ येतो. खाली, क्षितिजाजवळ असेल तर तो तिरका, जाड हवेतून येतो, आणि वाकतो." तिनं वाकलेली रेघ काढली. मग लाल खडू घेतला, निळा खडू घेतला. "सगळे रंग सारखे वाकत नाहीत. निळा जास्त वाकतो. म्हणून खालच्या ताऱ्याचा निळा उजेड इथं पडतो, आणि लाल..."

लाल रेघ जमिनीला जिथं टेकली त्यापासून निळी रेघ चांगली बाजूला टेकली होती. ईश्वरी त्या दोन टोकांमधल्या जागेकडं बघत राहिली.

"मॅडम?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"लिहून घ्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आकृती नीट काढून घ्या सगळ्यांनी."

दुर्बिणीत दीर्घिकांचा उजेड पत्र्यात कापलेल्या बारीक फटींमधून आत जातो. फट दीर्घिकेवर बसवतात ती तांबूस उजेडावर नेम धरून. दीर्घिका माथ्यावर असली तर सगळे रंग एकत्रच फटीत उतरतात. पण ती खाली असली आणि फट आडवी कापलेली असली, तर तांबूस उजेड फटीत जाईल आणि निळा बाजूला पत्र्यावर सांडेल. आणि या लांबच्या दीर्घिकांचा तो अणू फोडणारा उजेड विश्व पसरत गेल्यानं इथवर येईतो ताणला जाऊन नेमका निळसर जांभळा झालेला असतो.

तास संपताच ती साजिदकडं गेली. तिचा आकाशाचा तुकडा दक्षिणेकडचा होता, चिलीत जवळजवळ डोक्यावर येणारा. हॉलंडवाल्यांचा तुकडा उत्तरेकडचा. चिलीतून तो कधीच वर चढत नाही. क्षितिजाजवळच लोळत राहतो. त्यांच्या फटी आडव्या होत्या हे तिला ठाऊक होतं, कारण त्या कापायच्या वेळी ती पुण्यातच होती आणि आगाशे मॅडमबरोबर तीही त्या चर्चेत बसली होती. तिनं गणित मांडलं. निळ्या उजेडाचा मोठा भाग फटीबाहेर जात होता. त्यांना काहीच सापडलं नाही यात नवल नव्हतं. उजेड दुर्बिणीपर्यंत आला होता आणि दारातच राहिला होता.

पण हे झालं तिचं म्हणणं. व्हेलिंगा ते कागदावर मान्य करतील आणि तरी म्हणतील, कशावरून? त्यांच्या चित्रांची सीडी तिच्याकडं नव्हती. ती खुर्चीत मागं रेलून विचार करत राहिली. मग तिला आठवलं, की त्यांच्या एका फटीत दीर्घिका नव्हतीच. तिथं आपल्याच आकाशगंगेतला एक निळा तारा मुद्दाम घेतला होता, उपकरण नीट चालतंय का ते बघायला. त्या ताऱ्याचा खरा रंग इतर चित्रांवरून माहीत होता. तिचं म्हणणं खरं असेल, तर तो ताराही त्यांच्या फटीत निळ्यात फिका पडलेला असणार. निळा उजेड किती उरेल, ते तिनं काढलं. निम्म्याहून कमी.

बैठकीच्या दिवशी दुपारी रस्ता खोदणाऱ्या यंत्रानं मोंढ्याकडची टेलिफोनची तार तोडली. अप्पांच्या घरचा फोन मुका, दुकानाचा मुका, आख्खी आळी मुकी. व्हेलिंगांचा फोन घरच्या नंबरावर येणार होता. ईश्वरी तशीच हमरस्त्याकडं निघाली आणि तिच्या मागून, दुकान शेजाऱ्याच्या हवाली करून, धोतराचा सोगा सावरत अप्पाही निघाले.

साजिदच्या बूथचा फोन चालू होता. तिनं आधी पुण्याला लावला. "मॅडम, घरचा फोन बंद आहे. हा नंबर घ्या आणि त्यांना कळवा."

"कळवते. तिथं शांतता आहे ना गं?"

ईश्वरीनं बाहेर पाहिलं. नबीचाचांचे कारागीर एका ट्रकच्या पत्र्यावर घण घालत होते, दुसऱ्या ट्रकचं इंजिन धडधडत होतं, आणि बूथसमोर माणसं ताटकळत उभी होती. "आहे," ती म्हणाली.

रांगेत पुढं तलवाड्याचे विठ्ठलराव होते. त्यांची मोसंबीची गाडी मुंबईला गेली होती आणि ती पोचली का, हे त्यांना विचारायचं होतं. साजिदनं हात जोडले. "काका, जरा थांबा. ताईंचा परदेशातून फोन येणार हाय."

"परदेशातून? आन माझी मोसंबी का इथल्या इथं हाय व्हय रं?"

तेवढ्यात फोन वाजला.

बोलणं इंग्रजीत सुरू झालं. व्हेलिंगांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. मधूनच आगाशे मॅडमचा आवाज येई. ईश्वरी एका कानावर हात दाबून ऐकत होती. व्हेलिंगांनी प्रस्तावना केली, पुण्याच्या कामाचं कौतुक केलं, आणि ते बाजूला ठेवण्याबद्दल कुणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं.

"मला म्हणायचं आहे," ईश्वरी म्हणाली.

पुढचं वाक्य घणाच्या आवाजात बुडालं. "काय म्हणालात?" तिकडून विचारणा झाली. ती पुन्हा बोलली, पुन्हा घण. तिनं बूथचं दार ढकलून बाहेर बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, नबीचाचा खाटेवरून उठलेच.

"बंद करो बे सब!" ते गरजले. "हातोडा खाली! ए ड्रायव्हर, इंजिन बंद कर!"

"चाचा, बॅटरी उतरलेली हाय, परत चालू न्हाई हुणार गाडी..."

"मी धक्का देतो तुझ्या गाडीला. बंद कर म्हणलं ना!"

इंजिन थांबलं. घण थांबला. हमरस्त्याच्या त्या तुकड्यावर इतकी शांतता पसरली, की समोरच्या हॉटेलात कपबशा आदळल्याचा आवाज आला. विठ्ठलराव बोलायला गेले आणि अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ईश्वरीनं सुरुवातीपासून सांगितलं. आकाशाचे दोन तुकडे, एक वर, एक खाली. हवा, फट, सांडलेला निळा उजेड. ती घाई न करता बोलत होती, आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, की आपण वर्गात सांगतो तसंच सांगतोय.

पलीकडून व्हेलिंगा म्हणाले, "हे शक्य आहे. पण हे तुम्ही मांडलेलं गणित झालं."

"तुमच्या फटीतल्या निळ्या ताऱ्याचा वर्णपट काढा," ईश्वरी म्हणाली. "मी तो पाहिलेला नाही. माझ्याकडं तो नाहीच. माझं बरोबर असेल तर त्याचा निळा भाग खऱ्या उजेडाच्या निम्म्याहून कमी भरेल. पुरा भरला, तर माझं काम बाजूला ठेवा. मी हरकत घेणार नाही."

"थांबा," व्हेलिंगा म्हणाले. तिकडं खुर्ची सरकल्याचा, कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला.

ईश्वरी रिसीव्हर धरून उभी राहिली. काचेपलीकडं सगळे तिच्याकडं बघत होते. साजिदनं खुणेनं विचारलं, कट झाला का? तिनं नकारार्थी मान हलवली. अप्पा तिच्याकडं बघत नव्हते. ते पाठमोरे, हात मागं बांधून, एखाद्या मोठ्या दवाखान्याच्या ओसरीत उभं राहावं तसे उभे होते. आपण एवढं ठाम बोलायला नको होतं, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच तिनं ते झटकून टाकलं. गणित बरोबर होतं.

तिकडून पावलं आली. रिसीव्हर उचलला गेला.

"निम्म्याहून कमी," व्हेलिंगा म्हणाले. त्यांचा आवाज आता विहिरीतून येत नव्हता. "तुम्ही सांगितलं त्याच्या अगदी जवळ. आमच्या लक्षात आलं नाही हे. इतके महिने इथं कुणाच्याच लक्षात आलं नाही." ते हसले, मोकळेपणानं. "मी तुमचा भाग काढायला निघालो होतो, आणि काढण्यासारखा माझाच होता."

"काढू नका," ईश्वरी म्हणाली. "हरवला किती ते आता कळलंय. दुरुस्त करता येईल."

"तुम्ही कराल? आमची सगळी चित्रं पाठवतो. आणि निबंधही तुम्हीच लिहा. पहिलं नाव तुमचं."

आगाशे मॅडम मराठीत म्हणाल्या, "ईश्वरी, मी इथं एकटीच टाळ्या वाजवतेय गं."

तिनं रिसीव्हर खाली ठेवला आणि दार उघडलं. काही सांगायची गरजच नव्हती, तरी तिनं सांगितलं, "अप्पा, माझं बरोबर निघालं."

अप्पांनी वळून तिच्याकडं पाहिलं. पण पहिला आवाज निघाला तो साजिदचा. त्यानं अशी शिट्टी मारली, की हॉटेलातली माणसं बाहेर आली. नबीचाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं आणि ते केसांना लागलं, पण दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. विठ्ठलराव बूथमध्ये शिरता शिरता थांबून म्हणाले, "काय निघालं बरोबर, पोरी?"

"लांबच्या दीर्घिकांतून उजेड निसटतो, काका. हॉलंडवाले म्हणत हुते न्हाई निसटत."

"निसटंल न्हाई तर! उजेड हाय तो. त्येला कोण कोंडून ठिवणार?" असं म्हणून त्यांनी ऐटीत मुंबईचा नंबर फिरवला आणि गाडीची चौकशी करण्याआधी पलीकडच्या दलालाला आपल्या गेवराईच्या पोरीनं हॉलंडला हरवल्याचं सांगितलं. बाहेर सगळे कारागीर मिळून बंद पडलेल्या ट्रकला धक्का देत होते.

हॉलंडच्या सीडी टपालानं आल्या. ईश्वरीनं एकेका दीर्घिकेचा सांडलेला उजेड हिशेबात परत घेतला, आणि बेरीज मांडली तेव्हा तिथंही शंभरातले आठ निघाले. किंचित इकडेतिकडे, पण आठच. तिनं साजिदला बोलावून पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या, एक उत्तरेची, एक दक्षिणेची, एकमेकींवर चढलेल्या.

"ताई, ही तर एकच रेघ दिसती."

"तेच तर दाखवतेय तुला," ती म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून तिनं तोंडावर ओढणी धरली.

निबंध स्वीकारला गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात पुण्याहून बोलावणं आलं. तिच्या जुन्या संशोधन संस्थेच्या मोठ्या सभागृहात तिनं हे काम मांडायचं होतं. व्हेलिंगाही येणार होते. तिनं ते जेवताना सांगितलं.

"अप्पा, तुमी चला माझ्यासंगं."

"मी? मला काय कळणार तितलं? आन लगीनसराई हाय, दुकान कुणी बघायचं?"

"मी बघते दुकान," नीलम्मा म्हणाल्या. "जा तुमी. लेक बोलणार हाय आन बाप इथं कापड फाडत बसणार?"

अप्पा हात धुऊन उठले, दुकानाच्या किल्ल्या घेतल्या आणि चपला घालू लागले.

"आता कुठं निघालात?" नीलम्मांनी विचारलं.

"नव्या सदऱ्याचं कापड काढून ठिवतो," अप्पा म्हणाले. "शिंप्याकडं आज टाकलं तर जायच्या आधी शिवून हुईल."